वाडग्याची दर्शनी बाजू

इवागामीने वाडगा दोन्ही हातांनी उचलला आणि न फिरवताच ओठांकडे नेला.

शेजारी बसलेल्या मुनेहारूने वाडग्याच्या कडेवर नजर रोखली. सगळा बेत त्या एका फिरवण्यावर उभा होता. चहाच्या खोलीत वाडग्याची दर्शनी बाजू पाहुण्याकडे करून ठेवतात. पाहुणा त्या बाजूचा मान राखतो, वाडगा तळहातावर दोनदा फिरवून ती पलीकडे नेतो आणि मागच्या कडेने पितो. शेंबडं पोरही हे जाणतं. पण हा पडला डोंगरातला गडी. उभा जन्म घोड्यावर गेलेला, त्याला चहा काय आणि पेज काय, सारखंच.

पण उत्तरेची खिंड या गड्याच्या ताब्यात होती. मुनेहारूला ती लढून मिळाली नाही, सोयरीक जोडूनही मिळाली नाही. म्हणून आज त्याने तहाचा चहा ठेवला होता. तहाचा घट्ट हिरवा चहा एकाच वाडग्यातून प्यायचा, आधी पाहुण्याने, मग शेजारच्याने. तिथे विष घालणार कसं? आणि तलवारी तर बाहेर ठेवून, त्या बुटक्या दारातून गुडघ्यांवर रांगत आत यावं लागतं.

वाट मुनेहारूनेच शोधली होती. काल संध्याकाळी त्याने आपल्या म्हाताऱ्या चहागुरूला, सोगिनला, बोलावून एक कुपी त्याच्यापुढे सरकवली. फुगणाऱ्या माशाच्या काळजाचा अर्क होता तो.

"चहात घालू नकोस. वाडगा पुसायच्या फडक्याचा एक कोपरा यात बुडव आणि मागच्या कडेवर तेवढा टेकव. इवागामी वाडगा फिरवून तिथूनच पिईल. मी समोरच्या, दर्शनी कडेने पिईन."

"सरकार, या खोलीत आजवर कुणी..."

"या खोलीचं कौतुक मला सांगू नकोस. उद्या तो उठून चालत गेला, तर तुझं डोकं जाग्यावर राहणार नाही."

सोगिनने कुपी बाहीत टाकली आणि तो इतका खाली वाकला की त्याचा चेहराच दिसला नाही. म्हातारा मरणाला भितो, मुनेहारूने मनात म्हटलं. भित्रा माणूस कामाला बरा.

आजही सगळं ठरल्यासारखं झालं होतं. शेगडीवर आधण घुमत होतं. वाडगा पुसताना सोगिनचा हात जरासुद्धा कापला नव्हता. पांढरं फडकं त्याच्या बाहीआड कडेवरून फिरलं, थबकलं, बाजूला झालं. आणि आता हा अडाणी सगळ्यावर पाणी ओतत होता.

"थांबा!"

सोगिन ओरडला होता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. चहाच्या खोलीत पाहुण्याची चूक काढणं म्हणजे त्याचा अपमान. इवागामीचा हात आपसूक कमरेला गेला. तिथे तलवार नव्हती.

"माफी असावी," सोगिन हळू आवाजात म्हणाला. "वाडगा आधी फिरवून घ्यावा. दर्शनी बाजूला ओठ लावत नाहीत."

इवागामीने कमरेवरचा हात काढला आणि तो खो खो हसला. "अरे देवा! निघताना बायकोने हेच तर दहादा बजावलं होतं. म्हणाली, चारचौघांत माझी लाज काढू नका. नेमकं तेच विसरलो!"

त्याने आपल्या जाड बोटांनी वाडगा एकदा फिरवला, पुन्हा एकदा फिरवला आणि भलामोठा घोट घेतला.

"कडू जहर आहे की हो! माझ्या घोड्याला पाजलात तर लाथ मारील."

मुनेहारूला हसू आवरेना. म्हाताऱ्याने ऐन वेळी लाज राखली होती. उद्या याला एक रेशमी अंगरखा द्यायला हरकत नव्हती.

इवागामीने आपली उष्टी कड कागदाने पुसली आणि वाडगा पुढे केला. मुनेहारूने तो घेतला. पुसलेल्या जागी अजून हिरवी ओल होती. म्हणजे तिच्या बरोब्बर समोरची कड आपली. तेवढ्यात सोगिनने मान लववली.

"सरकार, आपणही फिरवून घ्यावा."

मुनेहारूच्या कपाळाला आठी पडली. हा रीत म्हणून बोलतोय, की भीतीने याचं डोकं फिरलंय? वाडगा फिरवला तर पाहुण्याची कड आपल्याच तोंडाशी येईल. त्याने डोळे वटारले. म्हाताऱ्याने नजर खाली घेतली नाही.

"विनंती आहे, सरकार."

"बघा, आता तुमची शिकवणी!" इवागामीने मांडीवर थाप मारली.

"आपल्याच घरात आपल्याच वाडग्याचा कसला मान?" असं म्हणून मुनेहारू दर्शनी कडेने चहा प्यायला. पाहुण्याला नीट दिसावा असा, चांगला मोठा घोट.

मग तो वाट बघू लागला. आधी ओठ बधिर होतात, मग जीभ, मग हातपाय. वैद्याने तसंच सांगितलं होतं. इवागामी आपल्या घोडीबद्दल बोलत होता. ती गाभण होती, शिंगरू झालं की ते मुनेहारूला देणार होता. त्याचे गाल लालबुंद होते, आवाज खणखणीत होता. शेगडीवरचं आधण एका सुरात घुमत होतं. एवढा वेळ का लागतोय?

शिंगराचे आभार मानायला मुनेहारू हसायला गेला. ओठ हलले नाहीत. त्याने त्यांवरून जीभ फिरवली. ओठ आहेत की नाहीत ते जिभेला कळेना. हातातला वाडगा सुटून चटईवर गडगडला.

"अहो, काय होतंय तुम्हाला?" इवागामी त्याच्याकडे धावला.

मुनेहारूने सोगिनकडे पाहिलं. शब्द मोठ्या मुश्किलीने बाहेर पडले. "तू... तूच तर त्याला... फिरवायला..."

सोगिनने घरंगळत आलेला वाडगा उचलला आणि दोन्ही हातांत धरला. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले होते.

"तुम्हालाही सांगितलं होतं, सरकार."