तुटका आठ

"इंजिन अस्सल आहे, गाडीबरोबर अमेरिकेतून आलेलं. नंबर कागदाशी ताडून बघा," सरकार मिशीवर ताव देत म्हणाले. पण त्यांनी विकायला काढलेली ती दांडग्या इंजिनाची लाल मसल कार पारखायला गिऱ्हाइकाने आणलेला म्हातारा इलाहीमिस्त्री पुढे आला आणि त्यांचा चेहराच उतरला.

वीस वर्षांपूर्वी मूळ इंजिन जळालं, तेव्हा त्यांनी दुसरं बसवून त्यावर जुना नंबर इलाहीच्याच हातून ठोकून घेतला होता. वर त्याने कुठे तोंड उघडलं तरी कुणी विश्वास ठेवू नये, म्हणून चोरीचा आळ घेऊन त्याला भर चौकात जोड्याने मारलं होतं.

"झालं गेलं विसर, इलाही," सरकार त्याच्या कानाशी पुटपुटले.

इलाहीने चिंधीने इंजिनावरचं तेल पुसलं. खिशातून आकडा ठोकायचा पोलादी ठसा काढून गिऱ्हाइकाच्या तळहातावर ठेवला. ठशातल्या इंग्रजी आठाचा वरचा गोल तुटका होता. इंजिनावरच्या आठाचाही नेमका तिथेच तुटका.

"हा नंबर माझ्या हातचा, साहेब," तो म्हणाला. मग सरकारांकडे वळला. "विसरायचं असतं, तर हा तुटका ठसा वीस वर्षं जपला असता का?"