रिकामं काडतूस

पाचवी गोळी कागदाच्या पार खालच्या कोपऱ्यात लागली. चौथी तर डावीकडच्या गवतात गेली होती.

“या रायफलीच्या नळीतच खोट आहे,” फर्गस म्हणाला.

त्याची मुलगी कर्स्टी शेजारी बसून दुर्बिणीतून प्रत्येक गोळी कुठे पडली ते सांगत होती, बसचं वेळापत्रक वाचून दाखवावं तशी. शंभर मीटरवर मेंढ्यांच्या कुंपणाशी कागद टांगला होता. नव्या रायफलीचा नेम बसवायचा म्हणजे तासाभराचं काम. सकाळपासून चालू होतं.

त्यांनी सगळं करून पाहिलं होतं. रायफलीवरच्या दुर्बिणीचे स्क्रू सोडून पुन्हा आवळले. नळी आतून पुसली. ती तापली असेल म्हणून चहा घेत थांबले. चहाबरोबर कर्स्टीने आणलेली हरणाच्या मांसाची सॉसेजं खाल्ली. दरवर्षी ती आणायची. कोणीतरी मित्र देतो म्हणे. मग दुसऱ्या वजनाची काडतुसं वापरून पाहिली. टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली लाकडाची चीप सारली. एवढं करून गोळ्या आपल्या वाट्टेल तिथे.

रायफल मोठी होती. सत्तरीत हरणाच्या जवळ सरपटत जाणं जमायचं नाही, लांबूनच पाडता यावं, म्हणून त्याने मुद्दाम दांडगी घेतली होती. प्रत्येक गोळीला ती खांद्यावर लाथ मारायची. फर्गस त्याबद्दल बोलत नव्हता. नुसता खांदा चोळायचा.

अकरा वर्षं अर्ज केल्यावर यंदा शिकारीच्या परवान्यांच्या सोडतीत त्याचं नाव निघालं होतं. पश्चिमेच्या डोंगरातला एक तुकडा, दहा दिवस, आणि तेही एप्रिलात, माजावर आलेले हरणांचे नर डरकाळ्या फोडतात तेव्हा. तिकडे नेणारं हेलिकॉप्टर गुरुवारी होतं. अर्जावर दुसरं नाव अकराही वर्षं डेसचं, त्याच्या जुन्या सोबत्याचं. डेसचा गुडघा महिन्यापूर्वी गेला, आणि ती जागा रिकामीच राहिली. फर्गस एकटा जायला तयार होता. पण अशी रायफल घेऊन नाही. पोटात गोळी लागलेलं जनावर दोन दोन दिवस झाडीत फरपटत मरतं. ते त्याने जन्मात कधी होऊ दिलं नव्हतं. नेम बसला नाही तर जाणं रद्द.

“उद्या दुकानदाराच्या टेबलावर नेऊन आपटतो,” तो म्हणाला.

“आण इकडे. मी तीन झाडून बघते.”

फर्गसला हसू आलं. आवरलंच नाही. चौदा वर्षांची कर्स्टी त्याच्या डोळ्यांसमोर आली. शिकाऱ्यांच्या क्लबात सगळे मिळून नेम बसवतात तो वार्षिक शनिवार. त्याने तिच्या हातात स्वतःची मोठी रायफल दिली होती आणि तिच्या नकळत आत रिकामं काडतूस सरकवलं होतं. तिने चाप ओढला. बार उडालाच नाही, पण नळीचं टोक मात्र बदकाने पाण्यात मान घालावी तसं खाली गेलं. पोरगी आवाजाच्या भीतीने आधीच अंग चोरते, हे सगळ्यांना दिसलं. चूक शोधायची ही जुनीच रीत. तिथल्या प्रत्येकावर कधी ना कधी वापरलेली. फक्त फर्गसने आधी चारचौघांना बोलावून घेतलं होतं. वर म्हणाला होता, “रायफल ठणठणीत आहे हो, दोष दस्त्याच्या मागे बसलाय.” काय हसले होते सगळे. कर्स्टीने रायफल खाली ठेवली, पावातलं सॉसेज संपवलं, आणि पुढच्या वर्षापासून आली नाही.

त्याला वाईट वाटलं होतं. जरा उशिराच. पण किस्सा तो सांगत राहिला, कारण लोक मागत राहिले.

कर्स्टी गाडीकडे गेली आणि डिकीतून आवाज अडवायला कानांवर लावायची झापडं घेऊन आली. त्यांच्या गाद्या झिजून गुळगुळीत झाल्या होत्या. ती रस्त्यांच्या कामावर होती. तिथलीच असतील, असं फर्गस धरून चालला. तिने दस्त्याला गाल टेकवला, श्वास अर्धा सोडला, आणि घाई न करता तीन बार काढले.

फर्गसने दुर्बिणीला डोळा लावला. तीन भोकं. वर एक नाणं ठेवलं असतं तर तिन्ही झाकली असती.

तो बराच वेळ डोळा काढेना. मग त्याने जमिनीवरचं एक रिकामं काडतूस उचललं, एक भरलेलं घेतलं, आणि दोन्ही तिच्या हातावर ठेवली.

“मी तिकडे तोंड करतो. तू भर. कुठलं भरलंस ते सांगू नकोस.”

मागे काडतूस भरल्याचा खटका वाजला. फर्गस येऊन बसला, नेम धरला, चाप ओढला.

टक्.

नळीचं टोक खाली गेलेलं त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

तो तिच्या हसण्याची वाट बघत राहिला. मागे कोणी हसलं नाही. कुंपणापलीकडे एक मेंढी खोकली तेवढीच.

“बावीस वर्षं,” तो वळून न बघता म्हणाला. “माझ्या एका थट्टेपायी तू शिकार सोडलीस.”

कर्स्टीने त्याच्या दुखऱ्या खांद्यावर हात ठेवला. हलका, अगदी नेमका दुखत होतं तिथेच.

“शिकार कुठे सोडली, डॅड,” ती म्हणाली. “तुझ्याबरोबर यायचं सोडलं.”