कोमट विहिरी

विद्यापीठातल्या सगळ्या विभागांचं संशोधन रोज वाचणाऱ्या एआय यंत्रणेनं लोकसाहित्याच्या प्राध्यापिका यमुना गावित यांना थेट वर्गात फोन लावला. त्यांनी एका गावात गोळा केलेल्या गाण्यात भूकंपाआधी विहिरी कोमट होत होत्या. भूगर्भशास्त्र विभागाच्या नोंदींत त्याच गावच्या विहिरी आज सकाळपासून तापत होत्या.

यमुनाबाईंनी गाणं म्हणणाऱ्या मथाबाईंना फोन केला. “मावशी, सगळ्यांना घेऊन बाहेर पडा!”

“आम्ही कवाच माळावर आलोय. गाणी लिहून घ्यायला आलेली तुमची विद्यार्थिनी तेवढी घरात बसलीय. पुरावा काय, म्हणते.”

“ओढून काढा तिला!”

फोनवर धावणारी पावलं ऐकू आली, मग भिंत कोसळल्याचा आवाज. यमुनाबाई हाका मारत राहिल्या.

“काढली बाहेर,” अखेर मथाबाई धापा टाकत म्हणाल्या. “रडतेय, पण धड आहे.”