दोन्हीकडे सारखंच

सिरिंजमध्ये पिवळट पू आला. आधी उजव्या खुब्यातून, मग डाव्यातूनही. बाळ अवघं नऊ दिवसांचं. सोनोग्राफीच्या पडद्यावर सुईला वाट दाखवणाऱ्या डॉक्टरला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कारण परवा हेच खुबे त्यानेच तपासले होते. बाळाला ताप होता, लंगोट बदलला की किंचाळायचं. "दोन्ही पाय हलवतच नाही हो," आई म्हणाली होती. त्याने नेहमीसारखी एक बाजू पाहिली आणि दुसरीशी ताडून बघितली. सांध्यात पाणी झालं की ती बाजू फुगलेली दिसते, दुसरी चांगली असते. इथे दोन्ही अगदी सारख्या. म्हणून याने बिनधास्त नॉर्मल लिहून टाकलं. दोन्हीही बिघडलेल्या असतील, हे त्या शहाण्याच्या डोक्यातच आलं नाही! वीस वर्षं मशीनसमोर बसून! आज ताप उतरेना म्हणून सर्जनबाईंनी पुन्हा बघायला लावलं, तेव्हा कुठे त्याने नीट माप घेतलं.

"सांधे वाचतील बहुतेक," हातमोजे काढत सर्जनबाई म्हणाल्या. "परवा कळतं तर बहुतेक म्हणावं लागलं नसतं." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "आईला काय सांगायचं ते बघ. एकाएकी वाढलं म्हण. कोण विचारतंय?"

हे ऐकून त्याला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याचीच जास्त लाज वाटली. तरी दारापर्यंत जाताना त्याने ते वाक्य मनात दोनदा घोळवलंच.

बाहेर बाकावर बाळाची आई बसली होती. पलीकडच्या टोकाला तिची सासू, तोंड फिरवून. आईने वर पाहिलं आणि त्याचं सगळं अवसान गळालं.

"ताई, माझं चुकलं," तो म्हणाला. "परवाच दोन्ही खुब्यांत पू होता. मला दिसला, पण कळला नाही."

आता शिव्या येणार, एखादी थोबाडीतही बसेल, म्हणून तो मान खाली घालून उभा राहिला.

आईने आधी सासूकडे पाहिलं. मग भीतभीत त्याला विचारलं, "म्हणजे मी उचलताना नाही ना दुखावले त्याचे पाय?"