आमच्या प्रतिनिधीकडून

'नावानिशी छापून आलेल्या तीन बातम्या जोडा,' असं फेलोशिपच्या अर्जात स्पष्ट लिहिलं होतं. पत्रकारितेचं एम.ए. करता करता तिने दोन वर्षं पेपरात राबून शंभरेक बातम्या दिल्या होत्या. पण प्रत्येकीवर छापून आलं होतं एकच, 'प्रतिनिधी'.

"सर, निदान या बातम्या माझ्या आहेत असं पत्र तरी द्या," मुख्य उपसंपादकांच्या टेबलाशी उभं राहून तिने तिसऱ्यांदा सांगितलं.

"अगं, नावाचं काय घेऊन बसलीस? काम बोललं पाहिजे, काम!" प्रुफातून मान वर न काढता ते म्हणाले.

तिचा अर्ज पहिल्याच चाळणीत बाद झाला. महिन्याभराने फेलोशिप कुणाकुणाला मिळाली त्याची प्रेसनोट आली, आणि सरांनी ती नेमकी तिच्याच पुढ्यात सरकवली. तिने दातओठ खात दहा ओळींची बातमी करून दिली.

"अशी तोंड पाडून बसू नकोस," ते म्हणाले. "उद्या काढतो तुझा रुसवा."



सकाळी तिने पेपर उघडला. त्याच बातमीच्या डोक्यावर, ठळक अक्षरांत, पहिल्यांदाच तिचं नाव छापून आलं होतं.