दोन सेकंदांच्या आतलं रडणं

पाळणाघराच्या मशीनचा निरोप आला: ‘निहार रडला. १.८ सेकंद. आखूड, म्हणजे लाडाचं. येऊ नये.’

निहारच्या आईच्या, मृण्मयीच्या, मनात पाल चुकचुकली. वेधशाळेत ती गॅमा किरणांच्या स्फोटांची अशीच वर्गवारी करायची. दोन सेकंदांच्या आतला आखूड, पुढचा लांब. पण लांब स्फोट क्षीण असला, की त्याचं नुसतं टोक दिसतं. बाकीचा गोंगाटात बुडतो आणि तो आखूड ठरतो.

तिनं पाळणाघरात फोन लावला. “मावशी, आवाज कसला येतोय?”

“मोठ्या मुलांची लेझीम. गॅदरिंग नाही का! मशीन चुकत नाही गं, तुम्ही आयाच घाबरट.”

“मिनिटभर थांबवा ना.”

लेझीम थांबली. बारीक, न तुटणारं रडणं ऐकू येऊ लागलं.

“अगं बाई, हा तर कधीचा रडतोय! अंग नुसतं भाजतंय!”

मृण्मयी जिन्यात पोचलीसुद्धा होती.