विल्फ्रिदोची खुर्ची

“सापडली का हो बाई, खुर्ची?” विल्फ्रिदोने उंबऱ्याबाहेरूनच विचारलं.

“नाही हो अजून,” ओतिलिया म्हणाली. “नऊ रात्री घरात एवढी माणसं, एवढ्या खुर्च्या! कुणाची कुठं गेली, काही पत्ता लागत नाही. बघते मी.”

साफ खोटं. खुर्ची मागच्या खोलीत, नवऱ्याच्या कपाटाआड चादरीखाली होती आणि तिनेच ती तिथे लपवली होती.

गावात कुणी गेलं की नऊ रात्री प्रार्थना चालते. शेजारीपाजारी आपापली डुलती खुर्ची डोक्यावर घेऊन येतात. नवव्या रात्रीनंतर मात्र ज्याने त्याने आपली उचलायची. मेलेल्याच्या घरात राहिलेली खुर्ची मालकालाही वर बोलावून घेते म्हणतात. तिचा नवरा एवेलियो गेला तेव्हाही लोक पहाटेच आले, ‘धीर धर’ म्हणाले आणि खुर्च्या उचलून चालते झाले. घर असं रिकामं झालं, की ओतिलियाला स्वतःच्या पावलांची भीती वाटू लागली. आता वर्षभर विधवेने बाहेर बसायचं नाही, आणि कामाशिवाय तिच्या दारात कुणी यायचं नाही. गुडघ्यांमुळे विल्फ्रिदो त्या पहाटे सगळ्यांच्या मागून आला. तोवर तिने कारभार उरकला होता.

तेव्हापासून तो रोज संध्याकाळी येई, विचारी, आणि दारात उभ्याउभ्या थोडं बोलून जाई. त्याच्याकडे तेवढी एकच खुर्ची. जुन्या धक्क्यावर तो हल्ली माशांच्या उपड्या खोक्यावर बसतो, हे तिला ठाऊक होतं. तिचा जीव तुटायचा, पण हात काही त्या चादरीकडे जात नव्हता.

बाहेर सगळं गाव नदीच्या कट्ट्याला खुर्च्या टाकून बसलं होतं. पोरं पाण्यात उड्या मारत होती. चांदीचं तारकाम विकणारी एक बाई फिरायला आलेल्या पाहुण्यांच्या घोळक्यात कानातलं नाचवत होती.

“पाणी चढलंय,” विल्फ्रिदो म्हणाला. “एवेलियो असता तर जाळं घेऊन पळाला असता.”

“आणि रिकामा परत आला असता.”

तो हसला. त्याच्या लाँचवर एवेलियो तिकिटं फाडायचा. “आजोबांच्या वाफेच्या बोटी नदीनं खाल्ल्या, पात्रच बदललं तिनं. आमची लाँच पुलानं खाल्ली. आता गाव जगतं चांदीवर अन् पाहुण्यांवर.”

“आणि तुम्ही?”

“मी नदी बघतो. फुकट असते.”

शेजारची सेनोबिया आपल्या दारात डुलत होती. तिचे कान कधीच इकडे लागले होते. ती उठलीच.

“एवढ्याशा घरात खुर्ची हरवते? सुई आहे का ती? सरक, मी शोधते.”

“राहू दे गं,” ओतिलियाने तिचा दंड धरला. सेनोबिया ऐकणाऱ्यांतली नव्हे. आत भांडी वाजली, कपाट सरकलं, आणि ती खुर्ची डोक्यावर घेऊन बाहेर आली.

“घ्या! काखेत कळसा अन् गावाला वळसा! कपाटामागे चादर पांघरून ठेवलीय बाईनं.”

ओतिलियाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता हा खुर्ची उचलेल. उद्यापासून या दारात कुणी येणार नाही, आणि गावात तोंड दाखवायला जागा उरणार नाही ते वेगळंच. तिने मान खाली घातली.

सेनोबियाने खुर्ची उलटी केली. बैठकीखाली निळ्या रंगाची होडी काढलेली होती. “ही बघा तुमची खूण. उचला अन् न्या आधी. इतके दिवस मेलेल्याच्या घरात राहिली, माझ्या अंगावर काटा येतो.”

विल्फ्रिदो गुडघे सावरत वाकला. होडीवरून त्याने अंगठा फिरवला. मग तो ओतिलियाकडे बघत राहिला. कट्ट्यावरच्या माना इकडे वळल्या होत्या.

“माझी नाही ही,” तो म्हणाला.

“नाही? डोळे गेले का तुमचे? निळी होडी अख्ख्या गावात दुसऱ्या कुणाच्या खुर्चीला आहे?”

“नसेल. पण ही माझी नाही.”

“मग तुमची कुठाय?”

“तेच विचारायला तर रोज येतो मी.”